गावभागातली जुनी घरं : पुरापेक्षा कुलपाची भीती जास्त

गावभागकर

नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागातल्या आणि खणभागातल्या जुन्या घरांबद्दल नीट बोलता यावं म्हणून हा धागा काढतोय. घर विकायचं की ठेवायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, त्यात मला पडायचं नाही. पण ज्यांना ठेवायचंय त्यांनाही सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. कळेपर्यंत दोन पावसाळे जातात आणि घर हाताबाहेर गेलेलं असतं.

आमची गल्ली मारुती चौकातून नदीकडे उतरताना लागते. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीची दीड-दोन हात रुंद भिंत, सागवानी खांब, वर कडीपाट, आत चौक, चौकात आड. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन सांगलीत गादी आणली आणि तेव्हापासून हे गाव राजधानी म्हणून वाढलं. पहिलं मराठी नाटक १८४३ साली याच गावात उभं राहिलं. त्या काळाच्या आगेमागे बांधलेली घरं अजून आपल्याकडं उभी आहेत, आणि त्यात माणसं स्वयंपाक करतायत, मुलं अभ्यास करतायत. मला त्याचा फार अभिमान आहे.

आता मुद्द्याचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, २०१९ ला ५७ फुटांवर, आणि २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. दर वेळी लोक म्हणाले, आता मातीची घरं बसणार. आमच्या गल्लीत मी जे बघितलं ते असं : ज्या घरात माणसं राहत होती त्यातलं एकही पडलं नाही. पडली ती आधीपासून कुलूप असलेली. पाणी ओसरलं तसं नांदत्या घरातले लोक परत आले, गाळ ओढला, दारंखिडक्या सताड उघडून ठेवल्या. बंद घरातला गाळ दिवाळीपर्यंत तसाच होता. वर दोन कौलं फुटलेली, ती कोणाला दिसलीच नाहीत. माडीवरून पाणी मुरत तुळईत गेलं, तुळई कुजली, आणि पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ती भिंत शेजारच्या घरावर आली. नशिबानं त्या बाजूला कोणी झोपलेलं नव्हतं.

म्हणून मला विचारायचंय : बंद घरांचं गल्लीनं मिळून काही करता येईल का? आणि ओल्या मातीच्या भिंतीला नेमकं काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं. बहुतेक जण सिमेंटचा गिलावा मारून मोकळे होतायत.

चुना_माती_लाकूड

गावभागकर, चांगला विषय काढलात. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळं जरा लांबण लागेल.

सगळ्यात आधी सिमेंट. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, तिचा धर्मच तो. जोत्याखालून थोडी ओल कायम वर चढत असते आणि भिंतीच्या अंगातून उडून जाते. बाहेरून सिमेंटचा गिलावा बसला की ही ओल आत कोंडते. वरून भिंत कडक दिसते, बोटानं वाजवली की पोकळ आवाज येतो. कधी तो गिलावा फोडून बघा, मागची माती हातात भुसभुशीत येते. म्हणजे सिमेंट उभं आणि भिंत गेलेली. फरश्या आणि ऑईलपेंट यांचंही तेच. पुरानंतर लोक 'परत पाणी आलं तर धुता येईल' म्हणून सोप्याच्या भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स लावतात. पुराचं पाणी त्या टाइल्सच्या मागं जातंच, फक्त बाहेर यायची वाट बंद होते.

मग करायचं काय? पाणी ओसरलं की गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की तो भिंतीला धरून बसतो. भिंतीवर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, मातीचा गिलावाच वाहून जाईल. पुराच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत जे काही ओल अडवणारं असेल ते उतरवायचं : ऑईलपेंट, टाइल्स, प्लास्टिकचा पत्रा. कपाटं, पलंग भिंतीपासून वीतभर पुढं ओढायचे. आणि थांबायचं. दोन हात भिंत एका महिन्यात वाळत नाही. पावसाळा संपून पुढचा उन्हाळा अंगावर जाऊ द्या, मग गिलावा. मधल्या काळात पांढरा लोणा फुटेल, तो कोरड्या ब्रशनं झाडत राहायचा, पाण्यानं पुसायचा नाही. पुसला की मीठ परत आत जातं.

गिलावा मातीचाच किंवा चुन्याचा. मातीत भुसा आणि शेण घालून चांगली कुजवायची, तीच जुनी रीत. चुन्याला कळीचा, म्हणजे भाजलेला कोरडा, चुना आणून मोठ्या टाकीत किंवा खड्ड्यात विरवायचा. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळतो, डोळे जातील. चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, आणि लहान मुलांना तिकडं फिरकू देऊ नका. विरलेला चुना दोन-तीन आठवडे तरी पाण्याखाली ठेवायचा, जास्त राहिला तर उत्तमच. मग चाळलेल्या वाळूबरोबर मळायचा. ओल लागणाऱ्या जागी भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालतात, त्यानं चुना ओलाव्यातही धरतो. जुने गवंडी गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी घालायचे. पातळ थर, एकावर एक, आणि दोन थरांत घाई नाही. चुना हवेतून हळूहळू कडक होतो, त्याला उन्हाचा तडाखा बसला तर तडे जातात. ओलं पोतं टांगून ठेवायचं.

लाकडाचं उद्या लिहितो.

पुण्यातला_सांगलीकर

हा धागा वाचून गप्प बसवेना. आमचं घर गावभागातच आहे आणि कुलूप लागलेलं आहे. आजोबांच्या नावावर होतं. आता मिळकत पत्रिकेवर वडील, दोन काका आणि आत्या, म्हणजे चौघांची नावं. आत्या वारल्या, त्यांच्या मुलांची वारस नोंद व्हायची आहे. कोणी भांडत नाही हो, सगळे प्रेमानंच बोलतात. पण कौलं चाळायला, म्हणजे उतरवून नीट परत लावायला, पैसे द्यायचे म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यांनी विचारल्याशिवाय मी एकट्यानं कसा निर्णय घेऊ? या भिडेत घराची कौलं तीन वर्षं हलली नाहीत.

किल्ली शेजारच्या काकूंकडं आहे. त्या दिवाळीला दार उघडून पणती लावतात. वडिलांना ते फोनवर सांगितलं की ते दिवसभर खुशीत असतात.

माझा प्रश्न साधा आहे. राहायला कोणी येऊ शकत नाही, विकायचं कोणाच्या मनात नाही. अशा घराला जिवंत ठेवण्यासाठी वर्षाला कमीत कमी काय करावं लागतं?

माईघाट

पुण्यातल्या सांगलीकरा, बाळा, तुझं घर कुठलं ते मला कळलं बहुतेक, पण इथं लिहीत नाही. मी सत्तरीच्या पुढची बाई, नातीकडून टाइप करून घेतेय.

तुम्ही भिंती आणि चुना लिहिलात, ते पाहिजेच. पण घर राहतं ते गल्लीमुळं. आमच्या लहानपणी पाणी वाढायला लागलं की नदीवर जाऊन पायऱ्या मोजायच्या. आता मोबाइलवर फुटांचा आकडा येतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटात पाणी शिरलं असं कळलं की आमच्याकडं आवराआवर सुरू. कोणाच्या माडीवर कोणाचं धान्य, कोणाची म्हातारी कोण उचलणार, कोणाच्या गाई कुठल्या मळ्यात जाणार, हे सगळं ठरलेलं असायचं. कागदावर नव्हतं, पण ठरलेलं असायचं. २०१९ ला तेच तुटलेलं दिसलं. माडी होती पण कुलूप होतं, आणि किल्ली हैदराबादला. माझ्या समोरच्या घरातल्या बाईंनी गव्हाची पोती तशीच खाली सोडली, कारण शेजारची रिकामी माडी उघडायला कोणी नव्हतं.

गणपतीचंही सांगते. आपल्याकडं संस्थानचा चोर गणपती सगळ्यांच्या आधी गुपचूप येऊन बसतो, मग पाचव्या दिवशी मिरवणूक सरकारी घाटावर जाते. त्या दिवशी बाहेरगावची सगळी माणसं सांगलीत असतात. बंद घरं उघडतात, सोप्यात सतरंजी पडते, भडंग आणि चहा होतो. मी म्हणते, तेव्हाच सगळ्या भावंडांना बसवा आणि दुरुस्तीचं बोला. फोनवर ही कामं होत नाहीत. डोळ्यांसमोर तुळई दिसली की खिसा उघडतो.

आणि किल्लीचं म्हणशील तर आनंदानं सांभाळते. पण मला जिना चढवत नाही आता. वरच्या माडीत काय झालंय ते मला कसं कळणार?

विश्रामबागेत_स्थायिक

मी विरुद्ध बाजूनं लिहितोय, राग मानू नका. आम्ही घर विकलं. आई-वडील दोघंही आजारी, संडास परसात, जिना उभा, आणि २०१९ ला वडिलांना होडीतून काढताना त्यांची जी अवस्था झाली ती मी परत बघू शकत नव्हतो. घर वाचवा म्हणणाऱ्यांनी आत राहणाऱ्या माणसाचा जीव आधी मोजावा. पुराच्या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांना ठेवणं मला पटत नाही. तुम्ही जुन्या घराचं कौतुक करता तेव्हा ज्यांनी सोडलं त्यांनी काहीतरी पाप केलं असं वाटायला लागतं, ते बरोबर नाही.

गावभागकर

विश्रामबागेत_स्थायिक, तुमचं लिहिणं मनाला लागलं, आणि ते पटलंही. पाप कसलं? वडिलांना सुखरूप ठेवलंत, तेच मोठं काम. या धाग्यावर कोणीही कोणाला घर सोडल्याबद्दल बोल लावू नये, ही माझी सगळ्यांना विनंती.

एकच जोडतो. संडास आत घेणं, जिन्याला कठडा आणि कमी उंचीच्या पायऱ्या करणं, विजेचा मीटर आणि बटणं पुराच्या खुणेच्या वर नेणं, हे सगळं जुन्या घरात करता येतं आणि केलंच पाहिजे. घर जसंच्या तसं जपायचं म्हणजे आजीला अंधारात परसात पाठवायचं, असं मी कधीच म्हणणार नाही. आणि पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडतंय असं दिसलं की म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी थांबायचं नाही, सरळ निघायचं. भिंत नंतर बघू.

कापडपेठेतला_भाडेकरू

भाडेकरूंचंही ऐका. आम्ही दोन पिढ्या एका वाड्याच्या पुढच्या तीन खणांत राहतो. भाडं अगदी नाममात्र, त्यामुळं मालकांना दुरुस्तीत रस नाही, हे मी समजू शकतो. पण वाडा अजून उभा आहे तो आम्ही राहतो म्हणून. कौलं आम्ही चाळतो, पन्हळ आम्ही साफ करतो, वाळवीचं औषध आम्ही घालतो. मालक गावाला आले की म्हणतात 'तुम्ही सोडा, मग बघतो'. आम्ही सोडल्यावर काय होणार ते बाजूच्या पडक्या जागेकडं बघून कळतं.

कायद्यानं आम्हाला दुरुस्ती करायचा हक्क आहे का, कोणी सांगेल?

नकाशे_आणि_परवाने

थोडक्यात सांगतो, पुढचं आपल्या वकिलांना विचारा.

भाडेकरू : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्यानं ती पाळली नाही तर लेखी नोटीस देऊन, मुदत संपल्यावर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि कायद्यानं घातलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. नोटीस आणि पावत्या जपून ठेवा, तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही. शक्य असेल तर मालकाबरोबर बसून लेखी करार करा : दुरुस्ती कोण करणार, भाडं किती वाढणार. दोघांचं भलं होतं.

धोकादायक इमारतीची नोटीस : महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. ती हातात पडली की लोक घाबरून घर पाडायला काढतात. ती नोटीस नीट वाचा. त्या कलमात पाडणं आहे तसं सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणंही आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या, टेकू लावा, काय दुरुस्ती करणार ते लेखी कळवा. मात्र नोटीस आल्यावर गप्प बसू नका, आणि इंजिनिअरनं घर रिकामं करा म्हटलं तर त्याच दिवशी करा.

पूररेषा : निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी लागतात. जुनं घर पाडून मोठी इमारत बांधू, असा हिशेब करून पाडणाऱ्यांनी आपला प्लॉट कुठल्या रेषेत येतो ते आधी बघावं. नाहीतर घरही गेलं आणि परवानाही नाही, अशी पाळी येऊ शकते.

चुना_माती_लाकूड

लाकडाचं राहिलं होतं. खांब कुजतो तो बहुधा तळाला, तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, जिथं टेकतो तिथं. त्यावर फरशी चढवत चढवत जमीन उंच केलेली असते, मग तळखडा फरशीखाली गाडला जातो आणि खांबाचे पाय कायम ओलात राहतात. आधी खांबाभोवतीची फरशी तोडा, तळखडा मोकळा करा. कुजलेला भाग हातभर असेल तर अख्खा खांब बदलायचा नाही. वर टेकू द्यायचा, कुजका तुकडा कापायचा आणि जुन्याच सागवानाचा तुकडा सांधा करून बसवायचा. चांगला सुतार हे करतो. जुनं सागवान पाडकामाच्या वखारीत मिळतं, नव्या लाकडापेक्षा ते कितीतरी निब्बर असतं. तुळईची टोकं मातीच्या भिंतीत गेलेली असतात, ती आतून कुजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. जाड दाभण टोचून बघा. सहज आत गेला तर ताबडतोब टेकू.

पुण्यातल्या सांगलीकरांना : वर्षाला कमीत कमी म्हणाल तर वैशाखात कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, पन्हळी आणि वळचणीखालचा कचरा काढा. भिंतीतून उगवलेला पिंपळ हाताएवढा असतानाच मुळासकट काढा, मोठा झाला की मूळ काढताना भिंत येते. पावसाळ्यात दर दहा-पंधरा दिवसांनी कोणीतरी सगळी दारंखिडक्या दिवसभर उघडावी आणि माडीवर जाऊन वर बघावं. कौलाखाली उजेडाचा ठिपका दिसला की तिथं पाणी येणार. जुन्या घराला असा अधूनमधून श्वास घेऊ दिलात तरी पुष्कळ. खर्च कौलांचाच काय तो, बाकी माणूस पाहिजे.

माईघाट

हेच मी म्हणत होते. माणूस पाहिजे, आणि जिना चढणारा पाहिजे.

गावभागकर

सगळ्यांचं वाचून काल संध्याकाळी गल्लीतल्या कट्ट्यावर आम्ही बसलो. कागदपत्र, संस्था, अध्यक्ष असं काही केलेलं नाही, गरजही वाटली नाही. जे ठरलं ते सांगतो.

बंद घरांच्या किल्ल्या एका जागी ठेवायच्या नाहीत. प्रत्येक घराची किल्ली लगतच्या नांदत्या घरात. आणि त्या घरात जिना चढणारं कोणी नसेल तर गल्लीतल्या कॉलेजच्या दोन मुलांनी यायचं ठरवलंय. मालकाला आधी फोन करून परवानगी, मग दार उघडणं, माडीवर जाऊन कौलाचे, तुळईच्या टोकांचे आणि भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवणं. फोटो गेला की पैसे येतात, असा अनुभव एका घरानं आत्ताच सांगितला. बाहेरगावच्या मालकांपैकी दोघांनी होकार दिला, एकानं नको म्हटलं. नको म्हणणाऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही, हे सगळ्यांनी मान्य केलंय.

पावसाळ्याआधी रिकाम्या माड्यांची यादी करायची, त्यात कोणाचं सामान आणि धान्य चढवायचं ते मालकांशी बोलून आत्ताच लिहून ठेवायचं. माईघाट काकूंनी सांगितलेली जुनी रीत आता कागदावर आणतोय, कारण ज्यांना ती पाठ होती ती माणसं कमी झालीत.

चुन्याची टाकी आमच्या परसात करतोय. झाकण आणि कुंपण घालूनच. ज्यांना गिलावा करायचा आहे त्यांनी वर्गणी काढून कळीचा चुना एकदम आणायचा, म्हणजे स्वस्त पडतो. एक प्रश्न राहिला : चुन्यात काम केलेला गवंडी सांगलीत आता कोण आहे? नवीन मुलांना शिकवायला तयार असेल असा हवा.

चुना_माती_लाकूड

हरिपूर रस्त्याला एक म्हातारे गवंडी आहेत, देवळांच्या कामात आयुष्य गेलंय. हात थरथरतो आता, पण उभं राहून सांगतील. त्यांना विचारून तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतो. दोन-तीन तरुण गवंडी रोजावर ठेवा, त्यांचा रोज बुडता कामा नये. शिकायची हौस असली तरी पोट असतं. पहिल्यांदा परसातली भिंत घ्या, रस्त्याकडची नको. हात बसला की पुढची.

पुण्यातला_सांगलीकर

दोन्ही काकांशी आणि आत्याच्या मुलाशी बोललो. कौलांचे पैसे चौघांत वाटून घ्यायला सगळे तयार झाले, इतकी वर्षं फक्त कोणी विचारलं नव्हतं. वारस नोंदीचे कागद मी गोळा करतोय. आमच्या घराची परवानगी लेखी पाठवतो, माडी धान्यासाठी मोकळी आहे, आतला लोखंडी पलंग तेवढा बाजूला करा. गावभागकर, कौलं मंगलोरीच आहेत ना आपल्याकडं सगळीकडं? आमच्याकडची थोडी लांबट आहेत, माप घेऊन मगच आणावी लागतील. आणि माईघाट आजी, मुलं येतील तेव्हा मधल्या जिन्याची तिसरी पायरी हलते हे त्यांना सांगा.